कार्ब मोजायचा डिजिटल काटा : साधाच घ्या

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलामुलींचा इन्सुलिनचा डोस जेवणातल्या कार्बवरून (कार्बोहायड्रेटवरून) ठरतो. हे कार्ब मोजायला दोन तऱ्हेचे काटे मिळतात. एक नुसतं वजन दाखवतो, दुसरा पदार्थाचा कोड टाकला की थेट कार्ब सांगतो. आमची पसंती पहिल्याला.

कोडवाल्या काट्यातली चूक पटकन लक्षात येत नाही. कोरड्या तांदळात 100 ग्रॅममागे सुमारे 80 ग्रॅम कार्ब असतात, शिजलेल्या भातात 28च्या आसपास. 150 ग्रॅम भाताला कोरड्या तांदळाचा कोड पडला, तर 42ऐवजी 120 ग्रॅम कार्ब दिसतात. 10 ग्रॅमला 1 युनिट हे प्रमाण असेल, तर 4 युनिटच्या जागी 12 युनिट इन्सुलिन जाईल. हे जिवावर बेतू शकतं! साध्या काट्यावर वजनावरून कार्बचा गुणाकार स्वतः केला की असा आकडा लगेच खटकतो.

काटा 1 ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा आणि मोठी ताटली ठेवल्यावरही आकडे दिसायला हवेत. टेअर बटण (आकडा शून्यावर आणणारं) नीट चालतं ना, ते आधी पाहा, कारण खरी सोय त्यातच आहे. भातासकट पातेलं काट्यावर ठेवून टेअर दाबा आणि हवा तेवढा भात काढून घ्या. उणे 150 दिसलं, की ताटात 150 ग्रॅम आले. वाढत्या वयात भूक दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लावतेच. तेव्हा पुन्हा टेअर दाबून तेवढंच मोजायचं. केळं सोलूनच तोला, सालीचं वजन बरंच असतं.

बरेच काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतात आणि टेअर पुसला जातो. हा वेळ जास्त असलेला काटा शोधा. मऊ कापडावर ठेवला की आकडा चुकतो, सपाट ओटाच हवा. चिमूटचिमूट घातलेला पदार्थ काही काट्यांना कळतच नाही, तो एकदम घाला.

भरपूर चीज-तेलाच्या जेवणानंतर काही तासांनी शुगर चढते, ते कुठलाच काटा सांगत नाही. रक्तातली शुगर 70च्या (mg/dL) खाली असेल तर तोलत बसू नका. आधी 15 ग्रॅम ग्लुकोज द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल प्रत्येक घासाला काटा मागू लागलं किंवा खाणंच टाळू लागलं, तर काटा बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला.