अमेरिकेची काउंटीवार मतदानाला पात्र नागरिकांची फुकट फाइल: वापरून पाहिली, लय आवडली

भाचा कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत राहतो, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. मागं फोनवर म्हणाला, मामा, घरात चौघं आहोत पण मतदार एकही नाही. तो अन् सूनबाई व्हिसावर, पोरं तिथंच जन्मली म्हणून नागरिक, पण एक सात वर्षांचं अन् एक तीनचं. डोक्यातून जाईना ते. मग अमेरिकन सेन्सस ब्युरोची, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याची, सीव्हीएपी फाइल शोधली, म्हणजे १८ अन् त्यावरचे नागरिक कुठं किती आहेत ते सांगणारी, अन् दोन रविवार मनीषनगरातल्या घरी कूलरसमोर बसून तेच पाहून राहिलो होतो.

फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही. झिप उघडली की काउंटीची फाइल वेगळी निघते, दर काउंटीला १३ ओळी, पहिली एकूणची अन् बाकी वंशाप्रमाणे. ओळीत एकूण लोक, प्रौढ, नागरिक अन् शेवटी प्रौढ नागरिक. शेवटच्या आकड्याला पहिल्यानं भागलं की शंभरातले किती मतदानाला पात्र तो हिस्सा निघतो, झालं काम!! फ्लोरिडातल्या समटर काउंटीत रिटायर लोकांची मोठी वस्ती, निम्म्याहून जास्त ६५ च्या पुढचे, त्यामुळं तिथं जवळपास सगळेच मतदानाला पात्र. सांता क्लारात दहातले चारेक जण बाहेर देशात जन्मलेले, त्यातले पुष्कळ नागरिक झाले पण पुष्कळ भाच्यासारखे अजून वाटच पाहतात, म्हणून तिथं हिस्सा बराच खाली. युटा राज्यातल्या युटा काउंटीत कारण वेगळंच, बहुतेक सगळे नागरिक आहेत पण घराघरात लेकरं जास्त.

अन् मतदारसंघ मात्र एकूण लोकसंख्येवर आखता येतात, २०१६ मध्ये टेक्सासच्या इव्हनवेल खटल्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टानं हेच मान्य केलं. म्हणजे भाच्याचं घर मतदानात नसलं तरी मोजणीत आहे. मला हे खरंच बरं वाटलं, टॅक्स भरतो ना तो.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. आकडे पाच वर्षांच्या सर्व्हेचे एकत्र असतात, अन् किती इकडंतिकडं होऊ शकतं ते बाजूच्या कॉलममध्ये दिलंय, ते वाचल्याशिवाय टक्का काढू नका. लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी लोक, तिथं चालून जातं, पण टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत फक्त ६४ माणसं निघाली होती, तिथं कसला टक्का काढता. जागोजागी ४ दिसला तर घाबरू नका, लोकांची ओळख उघडी पडू नये म्हणून १ ते ७ मधलं सगळं ४ च लिहितात. अन् तुरुंगातले नागरिकही यात धरलेले असतात, त्यांना आतून मत देता येतं ते मेन, व्हर्माँट अन् वॉशिंग्टन डीसीत, बहुतेक राज्यांत नाही, म्हणून मोठा तुरुंग असलेल्या छोट्या काउंटीचा आकडा जपून वापरा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ब्लॉक ग्रुपवाली, म्हणजे काउंटीच्या आतल्या छोट्या-छोट्या तुकड्यांची, फाइल एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका, त्यात तीसेक लाख ओळी अन् एक्सेल साडेदहा लाखांच्या आतच थांबतं, काउंटीवालीच घ्या.