विंडोज ७ साठी लोडर, केएमएस की मिंट?

डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) यांच्यापायी विंडोज ७ अजून टिकून आहे. फॉरमॅट मारल्यावर अॅक्टिव्हेशन (विंडोजची प्रत अधिकृत असल्याची मायक्रोसॉफ्टची पडताळणी) राहिलं, की डेस्कटॉप काळा पडतो, कोपऱ्यात 'नॉट जेन्युइन' उमटतं आणि रिपेअरवाला पेनड्राइव्ह काढतो. त्यावर बहुधा दोनपैकी एक टूल असतं.

पहिलं लोडर. ब्रँडेड पीसीच्या बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) कंपनीची खूण असते, तिला स्लिक टेबल म्हणतात. लोडर विंडोजच्या आधी उठतो आणि तीच खूण खोटी दाखवतो. एकदा बसला की मुदतीची कटकट नाही. पण बूटमध्येच लुडबूड असल्याने बिनसलं तर मशीन सुरूच होत नाही, आणि बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीच्या बूटवर त्याची डाळ शिजत नाही.

दुसरं केएमएस. मोठ्या ऑफिसात आतलाच एक सर्व्हर सगळे पीसी अॅक्टिव्हेट करतो. किमान २५ पीसी लागतात, मुदत १८० दिवस. हे टूल तुमच्याच पीसीत तसा खोटा सर्व्हर उभा करतं. बूटला धक्का नाही, पण नूतनीकरणासाठी ते मागे चालू ठेवावं लागतं. शिवाय विंडोज ७ मध्ये हे फक्त प्रोफेशनल आणि एंटरप्राइझला लागू. होम किंवा अल्टिमेट असेल तर विषयच संपला.

तांत्रिकदृष्ट्या लोडर उजवा, पण मी दोन्ही घेणार नाही. दोघांची पहिली अट एकच: अँटिव्हायरस बंद करा. २०२१ मध्ये केएमएसपिको या अशाच केएमएस टूलच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून पासवर्ड चोरणारा क्रिप्टबॉट व्हायरस निघाला होता. धंद्याच्या पीसीवर जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहेच. दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत, वर कैदही. एवढं करून हाती काय? मेसेज जातो, अपडेट येत नाहीत. सर्वसामान्यांसाठी ते १४ जानेवारी २०२० लाच थांबले; क्रोमही १०९ वर अडकलंय.

आधी कॅबिनेटवरचं स्टिकर बघा. त्यावरची विंडोज ७ ची प्रॉडक्ट की वाचता येत असेल तर त्या मशीनपुरती ती अधिकृत आहे. पेजमेकरसाठी ७ हवंच असेल तर हीच की टाका, अॅक्टिव्हेट करा आणि मग नेटची केबल काढून ठेवा.

बाकी ब्राउझिंग, मेल, पत्रं एवढंच काम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ४ जीबी रॅमवर ती बरी चालते, आणि फुकट आहे. पेनड्राइव्हवरून आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवा. प्रिंटर ओळखतो का, वाय-फाय लागतं का, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो का, एवढं तपासून मगच हार्डडिस्क पुसा.