लेड झेपलिनचा 'सेलिब्रेशन डे': मोबाईलवर बघू नका, चार जण जमवून बघा

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा हा कॉन्सर्ट मी आधी दोनदा बघितला होता, दोन्ही वेळा मोबाईलवर कानात इयरफोन घालून, त्यातला एकदा तर पुण्याहून येताना गाडीत, भिगवण ते कुर्डुवाडी नेट जात-येत असताना, आणि दोन्ही वेळा माझं मत असं झालं होतं की ठीकाय, वय झालंय, आवाज खाली आलाय, पूर्वीचं ते पूर्वीचं. ते मत चुकीचं होतं. मागच्या रविवारी जुळे सोलापूरला मित्राच्या हॉलमध्ये ब्लू-रेवर पूर्ण बघितला आणि दोन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत असली तर बघण्यात लय फरक पडतो. यांचा ड्रमर जॉन बोनम 25 सप्टेंबर 1980 ला गेला, वय फक्त 32. बाकीच्या तिघांनी त्याच डिसेंबरमध्ये जाहीर करून टाकलं की आता पुढं नाही. दुसरा ड्रमर घेऊन दुकान चालू ठेवता आलं असतं, जगात कुणी नावं ठेवली नसती, पण नाही ठेवलं. मधे एकत्र आले, 1985 ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या कॉन्सर्टमध्ये आणि 1988 ला त्यांच्या अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला चाळीस वर्षं झाली तेव्हा, पण ते दोन्ही ऐकवत नाहीत, तालीमच नाही हे पहिल्या मिनिटाला कळतं, आणि लाइव्ह एडचं शूटिंग तर त्यांनी स्वतःच नंतर डीव्हीडीवर येऊ दिलं नाही. मग 2006 च्या डिसेंबरात अटलांटिकचे संस्थापक अहमेत एर्तेगुन वारले, त्यांच्या नावानं शिक्षणाचा निधी उभा करायचा म्हणून लंडनच्या ओटू अरीनात एकच कार्यक्रम ठरला. तारीख 26 नोव्हेंबर 2007 होती पण गिटारवाल्या जिमी पेजचं बोट फ्रॅक्चर झालं आणि कार्यक्रम 10 डिसेंबरला गेला. आत जागा अठरा हजारांच्या आसपास आणि तिकिटासाठी मागणी दोन कोटींवर, गिनीजमध्ये नोंद आहे. 2011 च्या जनगणनेत आपलं सोलापूर साडेनऊ लाखांचं, म्हणजे अशी वीस सोलापुरं रांगेत उभी होती असं समजा. त्या कार्यक्रमाची फिल्म, म्हणजे हाच 'सेलिब्रेशन डे', थिएटरात आली ती थेट 2012 च्या ऑक्टोबरात आणि डिस्क नोव्हेंबरात.

आता ड्रमला कोण? जॉन बोनमचा मुलगा जेसन. बाप गेला तेव्हा 14 वर्षांचा होता, या कार्यक्रमात 41 चा आहे, म्हणजे वडील ज्या वयात गेले त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा झालेला मुलगा वडिलांच्या जागेवर बसलाय. आणि सुरुवात कुठल्या गाण्यानं केली बघा, त्यांच्या 1969 च्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स', ज्यात त्याच्या वडिलांनी एका पायानं बास ड्रमवर जे तिहेरी ठोके टाकलेत ते अजून जगभरचे ड्रमर शिकत बसलेत. पहिल्याच गाण्यात सगळ्यात अवघड पेपर. मोबाईलवर हे ठोके ऐकूच येत नाहीत हो, नुसतं धब धब होतं. सबवूफरवर ते तिन्ही ठोके वेगवेगळे छातीत लागतात, आणि जेसन ते वाजवता वाजवता मागून गातोय पण. तिथंच मी मित्राला म्हटलं आवाज वाढव.

मला या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त आवडलं ते गाणीसुद्धा नाहीत, तर त्यांचं एकमेकांकडं बघणं. स्टेज एवढं मोठं, मागं भला मोठा पडदा, पण हे चौघं मधेच एकमेकांना चिकटून उभे, छोट्या खोलीत तालीम करतात तसे. बासवाला जॉन पॉल जोन्स सतत ड्रमकडं तोंड करून, नजर जेसनच्या हातावर. पेज वळून बघतो आणि एखादी जागा बरोबर पडली की हसतो, 63 वर्षांचा पांढऱ्या केसांचा माणूस, आणि हसणं पहिल्यांदा स्टेजवर आलेल्या पोरासारखं. आपल्याकडं मिरवणुकीत लेझीमचा डाव बदलायचा असतो तेव्हा पुढचे सगळे जसे हलगीवाल्याच्या तोंडाकडं बघतात ना, अगदी तसं. हलगीवाल्यानं इशारा दिला की पन्नास पोरं एकदम वाकतात. ज्यांनी ते पार्क चौकात उभं राहून बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

गायक रॉबर्ट प्लांटच्या आवाजाबद्दल आता नीट लिहितो, कारण माझी आधीची तक्रार तीच होती. 59 चा माणूस विशीतल्या पट्टीत गाणार नाही, काही गाणी त्यांनी मूळ पट्टीपेक्षा खाली घेतलीयेत आणि ते लपवलेलं पण नाही. पण आपल्या शास्त्रीयवाल्यांनाही माहितीय की पट्टी उतरली म्हणून गाणं उतरत नाही, उलट आता तो किंचाळत नाही, शब्द धरून ठेवतो, मागं सोडतो, परत पकडतो. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' ऐका. तरुणपणी तो तिथं तोडून टाकायचा, इथं थांबतो. मला इथलं जास्त लागलं. नेमकी याच गाण्यात आमच्याकडं लाईट गेली, इन्व्हर्टरवर फॅन चालतो पण अँप आणि प्रोजेक्टर नाही, पंचवीस मिनिटं अंधारात बसलो, डिस्को भजी आणली होती ती संपवली, लाईट आल्यावर गाणं परत सुरुवातीपासून लावलं. कुणी म्हटलं नाही पुढं घे.

'फॉर युअर लाइफ' हे 1976 च्या अल्बममधलं गाणं त्यांनी त्याआधी स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं, ते इथं पहिल्यांदा आहे. म्हणजे फक्त हमखास टाळ्यांची गाणी उचलून आले नव्हते. 'स्टेअरवे टू हेवन' पण आहे, दोन मानेची गिटार घेऊन, चांगलं वाजवलंय, शेवटी प्लांट वर बघून अहमेतना हाक मारून सांगतो की आम्ही केलं बाबा, तेवढं ऐकून गळा भरून येतो. पण ते गाणं इतक्यांदा ऐकून झालंय की त्यावर मी जास्त लिहीत नाही.

'कश्मीर' बद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. मित्राचे वडील, 74 वर्षांचे, अशोक चौकाकडच्या यंत्रमागावर उभा जन्म गेला, शेवटी शेवटी जॉबर होते, माग बिघडला की आवाजावरून सांगायचे कुठं काय झालंय. ते आतल्या खोलीतून बाहेर आले, "काय बघालाव बे एवढ्या मोठ्यानं?" आणि दारातच उभे राहिले. मला वाटलं आवाज कमी करायला सांगतील. मी म्हटलं, काका बसा की, एवढं एक गाणं बघा. बसले. या गाण्यात गंमत अशी आहे की ड्रम सरळ चारच्या हिशोबात चाललेला असतो आणि गिटार-कीबोर्डची ती चढत जाणारी ओळ तीनच्या हिशोबात, त्यामुळं दोन्ही एकमेकांपासून सरकत राहतात आणि बारा मात्रांनी परत समेवर भेटतात. हे मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं ऐकून ते गुडघ्यावर बोटं आपटत म्हणाले, "दोन माग शेजारी शेजारी चालतात, एकाचा धोटा हळू, एकाचा जलद, खटका येगळा येगळा पडतो, मग एका टायमाला दोन्ही एकदम पडतात बघ. रात्रपाळीला ते एकदम पडायची वाट बघत बसायचो मी." मी हे गाणं वीस वर्षं ऐकतोय, त्याच्यावर कायकाय वाचलंय, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी जेसनकडं बोट दाखवून विचारलं हा पोरगा कोण, या तिघांच्यात एवढा लहान? मित्रानं सांगितलं वडिलांच्या जागी बसलाय. त्यावर काही बोलले नाहीत, पण शेवटची दोन गाणी होईपर्यंत उठले पण नाहीत.

जाता जाता, गाण्याचं नाव 'कश्मीर' असलं तरी ते सुचलं मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर, प्लांट तोपर्यंत काश्मीरला गेलेलाही नव्हता. मुंबईला मात्र पेज आणि प्लांट 1972 मध्ये आले होते आणि आपल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड केली होती, ती बाहेर यायला 2015 उजाडलं. ती पण शोधून ऐका, 'कश्मीर' मधले ते तंतुवाद्यांसारखे सूर कुठून आले असतील त्याचा थोडा अंदाज येतो.

तक्रारी आहेत. कॅमेरा एका जागी थांबत नाही, पेजचा हात नीट दिसायला लागला की शॉट बदलतो, गिटार शिकणाऱ्या पोरांना याचा राग येईल आणि बरोबरच आहे. सुरुवातीला अमेरिकेतल्या टँपाला 1973 मध्ये झालेल्या यांच्या कॉन्सर्टची जुनी टीव्ही बातमी लावलीय ती कल्पना फार छान, छप्पन्न हजारांवर लोक जमले होते तेव्हा, आणि तिथून एकदम 2007 च्या अंधारात येतो आपण. पण त्यानंतर मुलाखत नाही, पडद्यामागचं काही नाही, सलग दोन तास सोळा गाणी. मला हेच पाहिजे होतं, पण ज्यांना यांची काहीच माहिती नाही त्यांना जेसन कोण हेच कळणार नाही, फिल्म ते समजावून सांगत बसत नाही. म्हणून वर एवढं लिहिलं.

आवाजाबद्दल एक सांगतो, टीव्हीच्या स्पीकरवर बघणार असाल तर राहू द्या, साधा जुना होम थिएटर सेट असला तरी चालेल, पण बास पाहिजेच. आणि खोली घुमत असेल तर खिडक्यांना चादरी दुहेरी करून लावा, मित्रानं आपल्या इथल्याच जाड सोलापुरी चादरी लावल्यात, आवाज एकदम कोरडा आणि स्वच्छ येतो, शेजाऱ्यांनाही त्रास कमी.

घेताना साधी आवृत्ती घेऊ नका, तिच्यावरची डिलक्स घ्या, तिच्यात शेपर्टन स्टुडिओतल्या रिहर्सलचं शूटिंग जास्तीचं आहे. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, नुसते चौघं तालीम करतायत. आम्ही ती अजून बघितली नाही, येत्या रविवारी बघायचं ठरलंय, काल काकांचा फोन आला होता किती वाजता लावणार म्हणून.