सोलापूरचे काम कोणाला सांगावे: वार्ताहर, पाठवलेला बातमीदार की मुक्त पत्रकार?

पुण्या-मुंबईच्या संपादकांकडून आणि अलीकडे वृत्त-संकेतस्थळे चालवणाऱ्या तरुण मंडळींकडूनही वर्षातून चार-पाच वेळा मला एकच विचारणा होते: सोलापूरवर एक बातमी किंवा मोठा लेख करून हवा आहे, तर तो कोणाला सांगावा? खरा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्या मागे असतो. तालुक्याचा वार्ताहर कितीतरी कमी पैशांत मजकूर पाठवत असताना अनुभवी मुक्त पत्रकाराला, म्हणजे कोणाच्या नोकरीत नसून कामागणिक मोबदला घेणाऱ्याला, त्याने मागितलेले मानधन का द्यावे, हे त्यांना समजून घ्यायचे असते. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षे काम केले आणि तिन्ही प्रकारच्या माणसांची कॉपी, म्हणजे छापण्यापूर्वीचा मजकूर, हाताखालून घातली. त्या अनुभवाच्या आधारे, ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा आढावा लिहितो आहे.

वृत्तसंस्थेची सेवा हा चौथा पर्याय थोडक्यात आटोपतो. मंत्र्यांचा दौरा, अपघात, न्यायालयाचा निकाल एवढ्यापुरती ती पुरेशी असते. मात्र तोच मजकूर त्याच संध्याकाळी इतर सगळ्यांकडेही असतो, आणि सोलापूरचे जे वेगळेपण आपल्याला हवे आहे ते त्यात सापडत नाही.

रोजच्या बातमीसाठी वार्ताहराला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी विमानसेवेतील अडथळा म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. अशा दिवशी जो माणूस पहाटेपासून जागेवर आहे, ज्याच्याकडे पोलीस ठाण्यापासून कारखान्याच्या सभासदांपर्यंत सर्वांचे फोन नंबर आहेत आणि जो दर अर्ध्या तासाला फोटो आणि चार ओळी पाठवू शकतो, तोच उपयोगाचा असतो. त्या कामासाठी मुक्त पत्रकाराला पाचपट मानधन देणे म्हणजे पैसा चुकीच्या जागी घालणे होय. वार्ताहराची अडचण त्याच्या कुवतीत नसून त्याच्या व्यवस्थेत आहे. त्याला बहुधा बातमीमागे किंवा महिन्याला ठरलेली तुटपुंजी रक्कम मिळते, दिवसाला चार-पाच बातम्या द्याव्या लागतात, आणि अनेक ठिकाणी वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते. ज्या कारखान्याच्या अध्यक्षाकडे त्याला येत्या महिन्यात जाहिरातीसाठी जायचे आहे, त्याच कारखान्याच्या थकीत ऊसबिलांवर त्याने सडेतोड लिहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, त्यामुळे ही अडचण इथे अपवादाने नव्हे तर नित्य येते.

दुसरा पर्याय म्हणजे आपल्याच बातमीदाराला सोलापूरला पाठवणे. त्याला आपल्या अंकाची भाषा ठाऊक असते, त्याच्यावर आपला भरवसा असतो आणि स्थानिक हितसंबंधांचे ओझे त्याच्यावर नसते. म्हणून एखाद्या स्थानिक बड्या असामीविरुद्धची कागदोपत्री पक्की बातमी असेल, तर बाहेरचाच माणूस पाठवावा. इथे राहणाऱ्या पत्रकाराला त्या बातमीची किंमत पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते. मात्र या पर्यायाचा हिशेब नीट मांडावा. मुंबईहून दुपारनंतर सुटणारी वंदे भारत इथे रात्री उशिरा पोहोचते, म्हणजे जाण्याचा दिवस हातून जातो. मग दोन रात्रींचा लॉज, पंढरपूर किंवा मंगळवेढ्यापर्यंतची गाडी, आणि त्या काळात त्याच्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या विषयात, जी बातमी सुटेल तिचा तोटा. हे सगळे मिळवले की मुक्त पत्रकाराचे मानधन जेवढे जास्त वाटत होते तेवढे राहत नाही. शिवाय भाषेचा प्रश्न उरतोच. सोलापूर मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दूत जगते. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगार कुटुंबांच्या घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड सुरू होते, आणि पाहुण्याशी बोलताना लोक मराठी किंवा हिंदीत जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतात.

याचा मला आलेला अनुभव सांगणे आवश्यक आहे. एका नियतकालिकासाठी विडी कामगार स्त्रियांवरचा एक लेख मी डेस्कवर तपासला होता. बाहेरगावहून आलेल्या बातमीदाराने हिंदीत मुलाखती घेतल्या होत्या आणि हजार विड्यांमागची मजुरी लेखात अचूक दिली होती. अंक निघाल्यावर दोन दिवसांनी तीन बाया आपली मजुरीच्या नोंदीची पुस्तके घेऊन कार्यालयात आल्या. छापलेला दर खरा होता, पण तो त्यांच्या हातात कधीच पडत नव्हता. कारखान्यात माल दिला की त्यातल्या काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, पाने खराब निघाली की ती तूट बाईने स्वतःच्या पैशाने भरून काढायची असते, आणि हे सगळे वजा होऊन जे उरते तीच खरी मजुरी. लेख वाचून घरच्या पुरुषांनी ‘बाकीचे पैसे कुठे जातात’ असे त्यांना विचारले होते. त्या बायांसमोर मी किती वेळ गप्प बसलो हे मला आजही आठवते, कारण ती कॉपी मीच पुढे पाठवली होती.

वर्षभराने तोच विषय आम्ही एका अनुभवी मुक्त पत्रकार बाईंकडे दिला. त्यांची मातृभाषा तेलुगू. मी एका दुपारी त्यांच्यासोबत गेलो होतो. घरातली बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, पत्र्याचे माप ठेवून कातरलेली तेंदूची पाने आणि दोऱ्याचे रीळ. आमच्या पत्रकार बाईंनी पहिला तासभर वही उघडलीच नाही. मजुरीबद्दल तर अक्षरही काढले नाही. उठायच्या आधी त्यांनी एवढेच विचारले, “आज कारखान्यात किती छाटल्या?” त्यावर जे उत्तर सुरू झाले ते संपायला संध्याकाळ झाली. त्यानंतर त्यांनी तीन वेगवेगळ्या घरांतली पुस्तके पाहिली, कामगार संघटनेशी बोलल्या आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाचे म्हणणेही घेतले. मानधनात आपण शब्दसंख्येचे नव्हे, या ‘आज किती छाटल्या’चे पैसे देतो. छापलेल्या लेखात तो प्रश्न दिसतही नाही.

बातमी आणि लेख यांतला फरकही याच कसोटीवर ओळखावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. किलोला १ रुपया भाव मिळाला, वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन २ रुपये ४९ पैसे उरले आणि हाती २ रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी देशभर गेली, आणि ती देण्यासाठी वार्ताहर पुरेसा होता. पण त्या पट्टीवरच्या (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरच्या) कपातीच्या ओळी एकेक करून उलगडायच्या असतील, त्याच दिवशी चांगल्या प्रतीच्या कांद्याला काय भाव निघाला हे बाजार समितीच्या आवक-भाव नोंदीतून काढायचे असेल, प्रत हलकी होती हे व्यापाऱ्याचे म्हणणे तपासायचे असेल आणि हमालापासून अडत्यापर्यंत प्रत्येकाची बाजू घ्यायची असेल, तर चार-पाच दिवसांचा वेळ आणि यार्डात ओळख असलेला माणूस लागतो. तसेच सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीचे. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथे १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले, तेव्हा प्रत्येक वाहिनीचा कॅमेरा हजर होता. तिथे राहायला गेलेल्या बाईचे काम, मुलांची शाळा आणि शहरात रोजचे जाणे-येणे कसे चालले आहे, हे मात्र वारंवार जाणाऱ्यालाच कळते, आणि तसे जाणे वार्ताहराला परवडत नाही.

आता मुक्त पत्रकाराची उणी बाजू. मी तिच्याकडे डोळेझाक करणार नाही. केवळ मानधनावर घर चालत नाही म्हणून अनेक चांगले मुक्त पत्रकार संस्थांच्या स्मरणिका, पुढाऱ्यांचे गौरव अंक आणि कारखान्यांची प्रसिद्धिपत्रके लिहून देतात. यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु काम सांगण्यापूर्वी संपादकाने ते स्पष्टपणे विचारलेच पाहिजे. जो माणूस ‘या दोन कारखान्यांचे आणि या एका शिक्षणसंस्थेचे काम मी करतो, त्यांच्याबद्दलचा विषय मला देऊ नका’ असे आपण होऊन सांगतो, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. जो हसून विषय बदलतो, त्याला मी नगरपालिकेची सभासुद्धा सांगणार नाही. अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराला शासनाकडून मिळणारे ओळखपत्र) पाहावी, पण ती सोयीची गोष्ट आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. कात्रणांवरही फार भिस्त ठेवू नये, कारण छापलेल्या मजकुरात उपसंपादकाचा हात किती आहे हे कात्रण सांगत नाही. एखाद्या छापून आलेल्या लेखाची मूळ, असंपादित कॉपी मागावी आणि त्यातला एक आकडा निवडून ‘हा कुठून आला?’ असे विचारावे. अनुभवी माणूस वही किंवा फाइल उघडतो. आपल्या कोणत्या बातमीचा खुलासा छापावा लागला आणि का, हेही विचारावे. मोकळेपणाने मिळालेले उत्तर दहा कात्रणांपेक्षा मोलाचे असते. एवढे करून शंका उरलीच, तर आधी एक छोटे काम पूर्ण मानधन देऊन करून घ्यावे. फुकटात नमुना मागू नये.

हक्कांच्या बाबतीत पगारी बातमीदार आणि मुक्त पत्रकार यांच्यात मोठा फरक आहे आणि नव्या संकेतस्थळांची गफलत बहुधा इथेच होते. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्रातील प्रकाशनापुरता हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो. मुक्त पत्रकाराच्या मजकुराचा पहिला हक्क मात्र त्याचा स्वतःचा असतो आणि तो लेखी, सही केलेल्या करारानेच दुसऱ्याला देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, म्हणून संकेतस्थळासाठी काम सांगताना या दोन ओळी विसरू नयेत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा नियम उलट आहे: वेगळा करार नसेल तर त्यांचा हक्क ज्याने ते काम सांगितले त्याचा होतो. एकाच माणसाकडून लेख आणि फोटो दोन्ही घेत असाल, तर दोन्हींचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा. बदनामीच्या खटल्यात मात्र, मजकूर कोणीही लिहिलेला असो, संपादकाला अंग काढून घेता येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणे, कागदपत्रांच्या प्रती आणि मुलाखतीच्या नोंदी मजकुरासोबतच मागून घ्याव्यात.

मानधन शब्दांवर ठरवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. शब्दांवर पैसे दिले की लेख फुगतो आणि ज्या चौकशीतून काहीच निघाले नाही तिचे दिवस कोणी मोजत नाही. दिवस मोजावेत. वर सांगितलेल्या विडीच्या लेखाला दोन दिवस फिरणे, एक दिवस कागद पाहणे, एक दिवस लिहिणे आणि शंकांना उत्तरे देण्यात एक, असे पाच दिवस लागले होते. प्रवासखर्च वेगळा धरावा, काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि काम सांगून नंतर ते छापले नाही तर किती देणार हे आधीच लिहून ठेवावे. माहितीच्या अधिकारातून कागद मिळवायचे असतील तर उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून तसा विषय निदान दोन महिने आधी सांगावा.

वेळापत्रकाचाही विचार इथे वेगळाच करावा लागतो. जानेवारीत चांगला माणूस ऐनवेळी मिळत नाही. १२ तारखेला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन येतो. १९३१ साली त्या दिवशी फाशी गेलेल्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे पत्रकार होते, हे इथल्या पत्रकारांनी आपल्या मनात जपले आहे. त्याला लागूनच ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक. आषाढीला सगळे पंढरपुरात असतात. दिवाळी अंकाचा लेख हवा असेल तर जूनमध्ये, आषाढीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, बोलून ठेवावे.

एक गोष्ट करारात सहसा कोणी लिहीत नाही, पण मी ती आग्रहाने लिहून घेतो: पान लागण्याच्या, म्हणजे छपाईसाठी पान तयार होण्याच्या, रात्री अकरा वाजेपर्यंत लेखकाने डेस्कचा फोन उचलायचा. वार्ताहर त्या वेळी दुसऱ्या बातमीच्या मागे असतो, पाठवलेला बातमीदार परतीच्या गाडीत रेंजबाहेर असतो. आमच्या त्या पत्रकार बाईंनी लेखाच्या रात्री पावणेअकराला फोन घेतला, पुस्तकातली नोंद पुन्हा वाचली आणि छाटीच्या आकड्यातला एक अंक बदलायला सांगितला.