बर्फाची पेटी होडीत कुठे: मध्यभागी की इंजिनाजवळ?

भाच्याने नवी फायबरची होडी घेतली आणि हाच प्रश्न विचारला. ६० लिटरची पेटी बर्फ-मासळीने भरली की ५० किलोच्या आसपास जाते.

इंजिनाजवळ ठेवली तर हाताशी राहते, जाळं ओढायला मधली जागा मोकळी मिळते. पण तिथे इंजिन, पेट्रोलचे कॅन आणि चालवणारा माणूस आधीच असतो. मागचा भाग दबतो, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उठते, समोरचं दिसत नाही. मागून आलेली लाट थेट आत येते. मला याचीच भीती वाटते.

मध्यभागी, तळाला टेकवून बांधली तर वावरायला अडचण होते, पण होडी समतोल राहते. बांधायचीच, सुटी पेटी घसरते.

शांत खाडीत, एकट्याने, अर्धी पेटी असेल तर मागे चालेल. समुद्रात जायचं असेल तर मध्येच.