साहेबांच्या फोटोचा मिसळ मसाला: वापरून पाहिल्यावर

गंगापूर रोडला शहर मागे पडून द्राक्षबागा दिसायला लागतात त्या बाजूला एक मिसळवाले आहेत. चुलीवरचा रस्सा, अंगणात खाटा, मुलांसाठी झोका. रविवारी नऊनंतर गेलात तर नाव लिहून ताटकळत बसावं लागतं. त्यांनी आता आपला मसाला पाकिटात भरून किराणा दुकानांत ठेवायला सुरुवात केली आहे. २०० ग्रॅम, १६० रुपये. पाकिटाच्या समोरच्या बाजूला मिसळीची वाटी लहान आणि आमच्या भागातून निवडून आलेल्या एका नेत्याचा फोटो मोठा: हात जोडलेले, काळं जाकीट, कपाळाला टिळा, खाली ‘साहेबांची पसंती’. हॉटेलचं आणि साहेबांचं नाव मी लिहीत नाही. अशी पाकिटं, असे पाण्याचे जार, अशा चहाच्या टपऱ्या आता बऱ्याच दिसतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांबद्दल आहे.

मी सिडकोत डबे करते. विद्यार्थी, अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारी मुलं, दोन-तीन एकटी राहणारी म्हातारी माणसं. मसाला हे माझं भांडवल आहे. दर उन्हाळ्यात मिरची वाळवून, देठं काढून, खोबरं आणि कांदा तळून, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, बादियान, नागकेशर वेगवेगळं भाजून कांडपावर नेते आणि तिथून हलत नाही, कारण आधी कुणाचं काय कुटलं त्याचा वास आपल्या मसाल्याला लागू शकतो. यंदा पावसाळ्याच्या शेवटी माझा साठा आटला, म्हणून हे पाकीट आणलं. हॉटेलातली मिसळ मला मनापासून आवडते, तोच रस्सा घरी जमावा एवढीच इच्छा होती.

आधी हॉटेलबद्दल, कारण तिथं कौतुक करण्यासारखं खूप आहे. रस्सा काळपट, पण कडवट नाही. खोबरं आणि कांदा नीट भाजून पाट्यावर वाटल्याशिवाय तो दाटपणा येत नाही, पीठ लावून आणलेला दाटपणा जिभेला लगेच कळतो. मटकीला मोड बोटाच्या पेराएवढे आणि शिजूनही दाणा अख्खा. शेव जाड, पाव ताजा, सोबत भाजलेला पापड आणि दही, म्हणजे नाशिकला जसं ताट लागतं तसं. तर्री वेगळ्या वाटीत देतात, त्यामुळे लहान मुलंही जेवू शकतात. रस्सा पुन्हा मागितला तर वाढणारी मावशी तोंड वाकडं करत नाही. चुलीपाशी दोघी बायका असतात, पहाटेपासून. त्यांच्या हाताला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

पाकिटातला मसाला त्या हातचा नाही. फोडल्याबरोबर वास येतो तो धण्याचा आणि मिठाचा, खोबऱ्याचा जवळजवळ नाहीच. घटकांची यादी पाठीमागे बारीक अक्षरात आहे: धणे, मीठ, मिरची, मग बाकीचे मसाले, आणि खोबरं शेवटून दुसरं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा मीठ दुसऱ्या क्रमांकावर याचा अर्थ उघड आहे. १६० रुपयांत आपण बरंचसं मीठ विकत घेतो. मी पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात रस्सा केला, दोन मोठे चमचे पाव किलो मटकीला. रंग छान आला, वर तेलही सुटलं, पण घशाशी खरखर राहिली आणि मागून खवट चव आली. जे थोडं खोबरं होतं तेच खवट झालेलं असणार. डबा खाणाऱ्या एका मुलाने रात्री फोन करून विचारलं, “काकू, आज मसाला बदलला का?” दुसऱ्या दिवशी मी उरलेलं पाकीट बाजूला ठेवलं आणि तारीख बघायला घेतली.

तारीख सापडेना. पाकीट फिरवून फिरवून पाहिलं. मागे लिहिलं होतं, ‘उत्पादन दिनांक व बॅच क्रमांक: पुढे पाहा’. पुढे पाहिलं तर काळ्या शाईचा शिक्का साहेबांच्या काळ्या जाकिटावर बसलेला. खिडकीत तिरकं धरल्यावर एक-दोन आकडे लागले, बाकीचे नाहीत. वेष्टनावरची माहिती स्पष्ट, ठळक आणि सहज वाचता येईल अशी हवी, हा नियमच आहे. फोटोला जागा हवी म्हणून वाटीचं चित्र लहान केलं, एक वेळ ठीक. पण तारखेची जागा फोटोने घेतली हे मला सहन होत नाही, कारण माझ्या डब्यावर आजारी माणसंही जेवतात.

पाकीट घेऊन मी दुकानात गेले. आमचे किराणावाले भाऊ सरळ माणूस आहेत. कीड लागलेला रवा, फुगलेलं दुधाचं पाकीट, कधी हुज्जत न घालता बदलून देतात. त्यांनी मसाला हातात घेतला, वास घेतला, मान हलवली आणि म्हणाले, “वहिनी, दुसऱ्या कुणाचा असता तर आत्ता त्यांच्या सेल्समनला बोलावलं असतं. यात मी कसा बोलू? दुकानापुढच्या शेडचं काम त्यांच्याच ऑफिसात अडकलंय.” त्यांनी खिशातून पैसे काढून दिले. मी घेतले नाहीत, कारण भुर्दंड त्यांना का? पाकीट मात्र मांडणीत पुढेच राहिलं. मागे ठेवलं तर कुणी जाऊन सांगेल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसली.

मला या उत्पादनाबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. एखादी नटी किंवा क्रिकेटपटू कोल्ड्रिंकची बाटली हातात घेऊन उभा राहतो, तेव्हा मला ते पेय आवडलं नाही तर मी चारचौघांत मोठ्याने सांगू शकते. त्या नटीकडे माझं काही काम अडलेलं नसतं. नेत्याकडे असतं. नळाला गढूळ पाणी आलं, ड्रेनेज तुंबलं, दवाखान्याच्या बिलासाठी मदतनिधीचं पत्र हवं, मुलीच्या प्रवेशासाठी दाखला रखडला, की आम्ही त्यांच्याच जनसंपर्क कार्यालयात चपला काढून बाकावर बसतो. त्याच माणसाचा चेहरा खाण्याच्या पाकिटावर आला की ते पाकीट वाईट आहे असं म्हणणं म्हणजे साहेबांना वाईट म्हणणं होतं. दुकानदार गप्प, गिऱ्हाईक गप्प, आणि उद्या अन्न-औषध प्रशासनाचा माणूस नमुना घ्यायला आला तर त्यालाही दोनदा विचार करावा लागेल. चांगला माल असेल तरीही हे तसंच राहतं.

पुढाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या जाहिराती करणं नवीन नाही, पण बहुतेक जण खुर्ची सोडल्यावर करतात. सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह १९९७ मध्ये पिझ्झा हटच्या जाहिरातीत आले तेव्हा त्यांचं पद आणि त्यांचा देश दोन्ही जाऊन सहा वर्षं होत आली होती. मॉस्कोतल्या हॉटेलात ते नातीबरोबर बसलेत आणि शेजारच्या टेबलावर लोक त्यांच्यावरूनच भांडतात: यांच्यामुळे आर्थिक घडी विस्कटली, नाही, यांच्यामुळे स्वातंत्र्य मिळालं. शेवटी एक म्हातारी म्हणते की यांच्यामुळे पिझ्झा हट आलं, आणि मग सगळे एक होतात. त्यांना पैसा त्यांच्या प्रतिष्ठानासाठी हवा होता. पिझ्झा त्यांनी कॅमेऱ्यासमोर खाल्लाच नाही, नातीने खाल्ला. जाहिरात रशियात दाखवलीही गेली नाही. मला ती जाहिरात पाहताना वाईट वाटतं, पण राग येत नाही. त्या टेबलावरची माणसं त्यांच्या तोंडावर त्यांना नावं ठेवू शकत होती. अमेरिकेत न्यूयॉर्कचे मारिओ कुओमो आणि टेक्सासच्या अॅन रिचर्ड्स हे दोन गव्हर्नर १९९४ ची निवडणूक हरले आणि १९९५ च्या सुरुवातीला डोरिटोज चिप्सच्या जाहिरातीत दिसले. तेही हरल्यावर.

पदावर असताना केलेली गोष्ट वेगळी. जुलै २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या कार्यालयातल्या टेबलावर गोया या खाद्यपदार्थांच्या कंपनीचे डबे मांडून अंगठे वर करून फोटो काढला आणि त्यांची मुलगी इवांका, जी तेव्हा सरकारी सल्लागार होती, तिनेही त्याच कंपनीच्या राजम्यासारख्या काळ्या घेवड्याचा डबा हातात घेऊन फोटो टाकला. त्याआधी थोडेच दिवस कंपनीच्या प्रमुखांनी व्हाइट हाऊसमध्ये ट्रम्प यांची स्तुती केली होती आणि त्यावरून बहिष्काराची हाक दिली गेली होती. तिथे सरकारी माणसाने पदाचा वापर मालाची भलामण करायला करू नये असा नियम आहे. राष्ट्राध्यक्ष त्यातून सुटतो, सल्लागार नाही, म्हणून टीका झाली. घेवडा कसा आहे याबद्दल मात्र कुणी फार बोललं नाही.

आपल्याकडे हेमा मालिनी २०१४ पासून मथुरेच्या खासदार आहेत आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या केंट कंपनीच्या जाहिरातींतही दिसत आल्या. मे २०२० मध्ये त्या कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात केली, त्यात घरकामाला येणाऱ्या बाईच्या हातांतून संसर्ग होऊ शकतो असं सुचवलं होतं. लोक चिडले, कंपनीने माफी मागून ती मागे घेतली आणि हेमा मालिनींना तो विचार आपला नाही असं जाहीर करावं लागलं. ज्या घरकाम करणाऱ्या बायका मतदार आहेत त्यांच्याविरुद्धच्या वाक्याशेजारी खासदाराचं नाव आलं. माझी मोठी बहीण अशीच चार घरी पोळ्या करायची, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण डबेवाल्या बायकांच्या ग्रुपवर हा प्रश्न आला होता. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याप्रमाणे छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंतप्रधान यांचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाही. २०१६ मध्ये जिओ आणि पेटीएमने पंतप्रधानांचा फोटो जाहिरातीत छापला, तेव्हा हाच कायदा चर्चेत आला आणि दोन्ही कंपन्यांनी पुढे माफी मागितली. दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत. आमदार, नगरसेवक त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी उपयोगाचा आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यातल्या कलम २१ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल माल बनवणाऱ्याबरोबर शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वर्षभर जाहिरात करायला बंदीही घालता येते. शिफारस करण्याआधी नीट खातरजमा केली होती असं दाखवता आलं तर सुटका. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर साफ म्हटलंय की शिफारस हे त्या माणसाचं खरं मत असावं आणि त्याला मालाची पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा. ‘साहेबांची पसंती’ छापलंय, म्हणजे साहेबांनी हे पाकीट फोडून घरी रस्सा करवून खाल्ला असला पाहिजे. हॉटेलात त्यांनी मिसळ खाल्ली, त्याचा फोटो भिंतीवर आहे, तो मी पाहिलाय. पण हॉटेलची मिसळ वेगळी आणि हा मसाला वेगळा.

भिंतीवरच्या फोटोंना माझा विरोध नाही. नाशिकच्या कितीतरी मिसळवाल्यांकडे मंत्री, नट, गायक जेवून गेल्याचे फोटो आहेत आणि ते बघत बसायला मजा येते. पाहुणा आला, जेवला, खूश झाला, एवढंच तो फोटो सांगतो. आणि चव चांगली असेल तर नाशिकमध्ये तेवढ्याचीही गरज नसते: चिवडा म्हटलं की कोंडाजी, जिलेबी म्हटलं की बुधा हलवाई, हे घरातल्या लहान पोराला पाठ असतं. उलट बाजूने बघायचं तर १९७७ ला कोका-कोला गेल्यावर सरकारनेच ‘७७’ नावाचं पेय काढलं होतं, म्हैसूरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेलं. सगळं सरकार पाठीशी असून ते टिकलं नाही, लोकांनी थम्स अप पसंत केलं.

माझा निर्णय असा: हॉटेलात जरूर जा. आठच्या आत पोचा, साधी तर्री मागा, पापड दोन घ्या. पाकीट घेऊ नका. घ्यायचंच असेल तर दुकानातच उजेडात तारीख वाचा, वाचता आली नाही तर परत ठेवा, आणि १४ आकडी परवाना क्रमांक बघा. १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. तक्रारीला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मी तिथे तक्रार नोंदवली आहे, न दिसणाऱ्या तारखेची आणि खवट मालाची, शिक्का दिसेल असा फोटो जोडून. दुकानदार भाऊंचं नाव त्यात घातलेलं नाही.

हॉटेलच्या मालकांना मी प्रत्यक्ष भेटूनही सांगून आले. गल्ल्यावर होते, शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या छपाईत मीठ कमी करा, खोबऱ्याचं प्रमाण वाढवा किंवा खोबरं वेगळ्या पुडीत द्या म्हणजे खवट होणार नाही, मिरची कोणती ते लिहा, आणि तारीख मागच्या पांढऱ्या पट्टीवर घ्या. फोटो काढला तर या सगळ्याला जागा होते, हेही मी म्हणाले. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण चुलीपाशी नेऊन त्या दोघींकडून मला वाटीभर खरा मसाला कागदात बांधून दिला. त्याचे पैसे मी देऊन आले. तो मसाला पाकिटात मिळायला लागला तर माझ्या डब्यांसाठी मी महिन्याला पाच किलो घेईन.