लकव्याच्या पेशंटला 'रिहॅब'मध्ये ठेवणार असाल तर आधी हे वाचा

2,56,455 रुपये. बावन्न दिवसांचे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात जो भेटतो तो "सर, कितीला बसलं?" एवढंच विचारतो. नाना कसे आहेत ते नंतर.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. वय 71, एसटीतून रिटायर. सप्टेंबरात लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. न्यूरोच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिथल्या कंपाउंडरने खिशातून कार्ड काढलं. शहराबाहेर, हायवेला लागून नवीन रिहॅब हॉस्पिटल, म्हणजे पेशंटला ठेवून घेऊन व्यायाम करून घेणारं पुनर्वसन केंद्र. "पहिले तीन महिनेच कामाचे असतात सर, घरी नेलं तर पेशंट असाच राहील." गंमत म्हणजे यात खोटं काही नाही. लकव्यात जी सुधारणा व्हायची ती बरीचशी सुरुवातीच्या तीन महिन्यांत होते, आणि म्हणूनच घाबरलेला मुलगा लगेच गळाला लागतो. त्याला कट मिळाला का, माझ्याकडे पुरावा नाही. तुम्हीच समजा.

"घरी का नाही ठेवलं?" हे विचारणाऱ्यांना एकदाच उत्तर देतो. आमचं गाव तापीकाठी, फिजिओवाला तालुक्याला. बहीण सुरतेला, बायकोच्या मणक्यात गॅप. 80 किलोचा माणूस उचलायचा कोणी? हौस म्हणून नाही ठेवलं.

5 ऑक्टोबरला ॲडमिट केलं. डिपॉझिट 60,000, "पूर्ण परत मिळेल" हे तोंडी. पॅकेज महिना 42,000. त्यात दिवसातून दोनदा फिजिओ, 24 तास सिस्टर, जेवण, सगळं. हेही तोंडीच. सही केली त्या फॉर्मची चार पानं इंग्रजीत होती आणि मागे रांग होती. फॉर्मचा फोटो काढू दिला नाही तर तिथूनच माघारी फिरा. पैसे केळी विकून आलेल्या पट्टीचे आणि उरलेले पतपेढीचे.

भेटायला फक्त रविवारी, चार ते पाच. "इन्फेक्शन होतं." खरंच इन्फेक्शनची एवढी काळजी असती तर त्या वॉर्डात बेसिनला साबण असता. भेटीला घड्याळ लावणाऱ्या ठिकाणी आपलं माणूस ठेवू नका.

तिसऱ्या रविवारी नानांचा उजवा हात हातात घेतला. मूठ घट्ट आवळलेली. मी एकेक बोट सोडवलं तर आतून आंबूस, कुजकट वास आला. नखं वाढून तळव्यात रुतली होती, चार लाल चंद्रकोरी उमटलेल्या. दिवसातून दोनदा ज्या हाताचा व्यायाम होतो, त्याच्या मुठीत वास कसा साठेल? सिस्टर म्हणाली, "थंडीने आखडतो हात." ऑक्टोबरात, आपल्या खान्देशात, थंडी! मी नेलकटर मागितला, नखं कापली आणि पाच वाजता शिस्तीत बाहेर आलो. निघताना नाना एवढंच बोलले, तेही अर्धवट, "घर... लई चाल." मी म्हणालो, बरे झाले की घरी नेतो.

पण त्याहून जास्त जिव्हारी लागतं ते दिवाळीनंतरच्या रविवारचं. पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला कूस बदलण्याचा तक्ता असतो. दर दोन तासांनी पेशंटला वळवायचं, डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि समोर सही करायची. वाजले होते साडेचार. सह्या होत्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहापर्यंतच्या. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. मी ब्रदरला विचारलं. तो हसला, "सर, संध्याकाळी गर्दी होते, म्हणून आधीच भरून ठेवतो."

मी ऐकून घेतलं. का, तर मी शिक्षक, मीही तेच करतो. शाळेत पोषण आहाराचं रजिस्टर केंद्रप्रमुख तपासणीला यायच्या आदल्या रात्री बसून कोण भरतं? मला ते ओळखीचं वाटलं, आपलं वाटलं. तिथेच तो कागद फाडून नानांना उचलायला हवं होतं. रजिस्टरात खिचडी जास्त दाखवली तर कोणाच्या पाठीचं कातडं जात नाही, एवढं त्या क्षणी सुचलं नाही.

25 नोव्हेंबरला शहरात एका लग्नाला गेलो होतो. दुपारीच, न सांगता वॉर्डात शिरलो. नानांची चादर ओली होती म्हणून स्वतःच बदलायला घेतली. माकडहाडाजवळ माझ्या तळहाताएवढी जखम, मध्ये काळी, कडेने पू. बेडसोर, माणूस न वळवता पडून राहिला की होतो तो. भेटायला जाल तेव्हा लाजू नका, चादर वर करा, माणूस कुशीवर वळवा, पाठ आणि टाचा बघा. कपाटात मी आणून दिलेले डायपरचे तीन पुडे तसेच सीलबंद, आणि बिलात डायपर रोजचे सहा. एक मावशी हळूच म्हणाली, "भाऊ, रातले आम्ही दोन्हीजणी, अन् पेशंट चौतीस." तिच्यावर माझा राग नाही.

संध्याकाळी पाचला नानांना बाहेर काढलं. बिल असं: दोन पूर्ण महिन्यांचं पॅकेज 84,000, कारण अपुरा महिना पुरा धरतात. स्पेशल अटेंडंट 31,200. फिजिओची 104 सेशन्स, 350 प्रमाणे 36,400. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची दोन त्यात आहेत, वॉर्डात कोणी नव्हतं त्या दिवशीची. एअर बेड भाडं 6,240, आणि पलंगावर साधी रेक्झिनची गादी! औषधं, डायपर धरून, 38,615. डिपॉझिट जप्त, कारण महिनाभर आधी नोटीस दिली नाही.

मग सुरू झाल्या फेऱ्या. शहराच्या आरोग्य खात्यात गेलो, तर "हे हद्दीबाहेर आहे". सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांकडे, तर "ग्रामीण भाग आमच्याकडे येत नाही". मग ज्या इमारतीतून माझा पगार निघतो तिथे, जिल्हा परिषदेत. क्लार्कने अर्ज वाचलाही नाही. "साहेब दौऱ्यावर आहेत. आणि हे पुनर्वसन केंद्र आहे, हॉस्पिटल म्हणून बघावं लागेल की नाही, ते बघावं लागेल." हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. तीन वेळा गेलो, तीन किरकोळ रजा संपल्या, आवक शिक्क्याची पोच चौथ्या खेपेला मिळाली. पोलीस ठाण्यात सांगितलं, "म्हाताऱ्या माणसाला असं होतंच, पैशाचं मॅटर आहे, कोर्टात जा." शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली, दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. त्या दर्शनी भागात साईबाबांचा फोटो आहे आणि स्कॅन करून पैसे भरायचा कोड. हे तपासायला जायचं कोणी? माझ्या शाळेत संडासाला कडी नाही म्हणून महिन्यात दोनदा तपासणी होते.

केस पेपर लेखी मागा, पोच घ्या. मागितल्यापासून 72 तासांत डॉक्टरांनी ते द्यायचे असतात. मला आजतागायत मिळालेले नाहीत. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, हे मला क्लार्कने नाही, आमच्या गावच्या वकिलाच्या पोराने सांगितलं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन करून नोंदही करून ठेवली.

नानांची जखम भरत आलीय. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग बायको करते, मणका धरून. भाकरीच्या पिठाचा गोळा ती त्यांच्या उजव्या मुठीत देते, दोन बोटं उघडायला लागली आहेत.

निघताना त्या तक्त्याचा फोटो मोबाईलवर काढला होता, तेवढाच हातात आहे. वकिलांनी तो मोठा करून बघितला आणि खुर्चीत सरळ बसले. 26 तारखेच्या पहाटे चार वाजता पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं, सहा वाजता उजव्या, अशा सह्या आहेत. 26 च्या पहाटे नाना आमच्या पडवीत खाटेवर होते. चारला त्यांना मी वळवलं होतं, सहाला बायकोने.